आहेराच्या साड्या आणि परिमाणाची वही



गेल्या वर्षी दशलक्षण पर्वाच्या आधी मी ठरवलं, की या वेळी उपवास-एकाशनाबरोबर साड्यांचंही परिमाण घ्यायचं. परिमाण घ्यायचं तर आधी आपल्याकडे किती आहे ते ठाऊक हवं. मी बी.कॉम. झालेली बाई. स्टॉक मोजल्याशिवाय ताळेबंद होत नाही, एवढं चाळीस वर्षांनंतरही लक्षात आहे. म्हणून वही-पेन घेऊन कपाटासमोर बसले.

साड्या निघाल्या १४७. त्यातल्या वर्षभरात मी नेसलेल्या ३१. कधीतरी नेसून नंतर पडून राहिलेल्या ५३. आणि घडीही न मोडलेल्या, फॉल-बिडिंग न केलेल्या ६३. या ६३ जवळजवळ सगळ्या आहेरात आलेल्या. एक उघडली तर ओळखीची वाटली. पदराच्या कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलेलं होतं. चार वर्षांपूर्वी एका वास्तुशांतीला मीच ती दिली होती. किती घरं फिरून आली देव जाणे, पण एकीनेही ती नेसली नव्हती!

आधी हसू आलं. मग मात्र प्रश्न पडला, की हे आपल्याकडे असं कधीपासून झालं? माझ्या आजीकडे तीन लुगडी होती. तिच्यापासून माझ्यापर्यंत मधे काय घडलं, ते आज मांडायचा प्रयत्न करते.

आपण माधवनगरची माणसं कापडाच्या गावात राहतो. इथल्या कॉटन मिलच्या भोंग्यावर एकेकाळी घरातली कामं चालायची. पुढे मिल बंद पडली, तरी यंत्रमागांचा खडखडाट गावात राहिला. जवळच्या इचलकरंजीत तर पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला. कापूस, सूत, ताणा-बाणा हे शब्द आपल्या मुलांना पुस्तकातून शिकावे लागले नाहीत. असं असूनही जुन्या घरांत कापड फार जपून वापरलं जाई.

आजीच्या लुगड्याचा प्रवास मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. नवं लुगडं आधी सणासुदीला, मग देवळात जायला, मग रोजच्या नेसूचं. बसण्याच्या जागी विरलं, की मधला भाग कापून काढायचा आणि दोन्ही चांगले तुकडे जोडून दंड घालायचा. दंडाचं लुगडं आणखी दोन वर्षं जाई. त्यानंतर त्यातून बाळंतिणीसाठी दुपटी आणि लंगोट निघत. उरलेलं वाकळीत जाई. वाकळ फाटली की आतल्या चिंध्यांचं पोतेरं, आणि पोतेऱ्याचंही काही उरलं नाही की ते चुलीत. नवं, घट्ट विणीचं कापड घरात राखून ठेवलेलं असे ते पाण्याच्या गाळण्यासाठी. छत्तीस अंगुळं लांब, चोवीस अंगुळं रुंद आणि दुपदरी. म्हणजे अंगावर विरलेलं चालेल, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठी कापड चांगलंच हवं, असा तो हिशोब होता.

हे ऐकलं की आपल्याला वाटतं, काय त्या बायका संयमी होत्या! इथेच मला थोडं थांबायचं आहे. दुसऱ्या महायुद्धाचा काळ आठवा. मिलचं कापड सैन्याकडे वळलं, भाव गगनाला भिडले, आणि १९४३ साली सरकारला कापड व सुतावर नियंत्रण आणावं लागलं. कापडावर किंमत छापायची सक्ती झाली, गरिबांसाठी ‘स्टँडर्ड क्लॉथ’ निघालं. त्याच साली बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मेली. १९४८च्या सुरुवातीला नियंत्रण उठवलं, तर भाव असे भडकले की काही महिन्यांत ते पुन्हा आणावं लागलं. आई सांगायची, की त्या दिवसांत गावात कितीतरी बायांकडे दुसरं लुगडं नव्हतं. ओलं अर्धं अंगावर ठेवून उरलेलं अर्धं वाळवायचं, मग ते गुंडाळून राहिलेलं वाळवायचं. दार लावून बसायचं, तोवर कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही.

याला संयम म्हणणं त्या बायांची थट्टा करण्यासारखं आहे. ती टंचाई होती, लाचारी होती. आपल्या धर्मात परिग्रह-परिमाण व्रताला किंमत आहे, ती हाती असताना हद्द घालून घेण्याला. नसल्यामुळे न घेणं हे व्रत होत नाही. त्यामुळे ‘पूर्वीच्या बायका बघा’ असं सुनांना ऐकवताना आपण जरा जपून बोलावं. पूर्वीच्या बायकांना मिळालं असतं तर त्यांनीही घेतलं असतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नसतं.

हाती असून सोडणारी माणसंही त्याच काळात होती. २२ सप्टेंबर १९२१ला गांधीजींनी मदुराईत अंगभर कपडे सोडून पंचा नेसायला सुरुवात केली. त्यांना कपड्याची ददात नव्हती. आणि आपल्याच भागातलं, आपल्याच समाजातलं उदाहरण म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई. कर्मवीरांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ला साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातिधर्मांची मुलं तिथे एका पंक्तीला जेवत. धान्य संपलं, पैसे नव्हते, तेव्हा लक्ष्मीबाईंनी एकेक करून दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. त्या काळात बाईचे दागिने म्हणजे तिच्या म्हातारपणाचा एकुलता एक आधार. तो त्यांनी परक्यांच्या मुलांच्या भाकरीसाठी सोडला. १९३० साली त्या गेल्या. रयतच्या शाळांत शिकलेल्या आपल्यापैकी प्रत्येकीवर त्यांचं थोडं देणं आहे.

आता आहेराकडे येते, कारण आमच्या कपाटातला मोठा वाटा त्याचा आहे.

आहेर ही मुळात फार शहाणी पद्धत होती. सासूबाईंच्या ट्रंकेत मला आहेराची एक लांबट वही सापडली. कुणी कोणत्या कार्याला काय दिलं याची नोंद. खण, लुगडं, टोपी, उपरणं, रोख सव्वा रुपया, पायलीभर गहू. समोर, आपण त्यांच्याकडे कधी परत केलं त्याची खूण. मी ती खातेवहीसारखी वाचली आणि लक्षात आलं, की ही बिनव्याजी भिशीच आहे. घरात लग्न निघालं की एकदम खर्च येतो. तो चाळीस घरांनी थोडा थोडा उचलायचा, आणि त्यांच्याकडे कार्य निघालं की आपण उचलायचा. कापड महाग होतं, म्हणून कापड द्यायचं. ज्या घरात वर्षाला दोन लुगडी येत, तिथे लग्नात आलेली दहा लुगडी पाच वर्षांची बेगमी करून जात. दिलेली वस्तू नेसली जायची, फाटेपर्यंत वापरली जायची.

मग कापड बदललं. साठ-सत्तरच्या दशकांत नायलॉन, टेरिलीन, टेरिकॉट आलं. मला आठवतं, माझ्या आत्याची पहिली नायलॉनची साडी बघायला शेजारणी जमल्या होत्या. धुवायला सोपी, वाळायला झटपट, इस्त्री नको. राबणाऱ्या बाईला ते वरदानच होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. १८ जानेवारी १९८२ला मुंबईत दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळ गिरण्या नंतर नीट उभ्याच राहिल्या नाहीत. कापडाचा धंदा भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, विटा, माधवनगर अशा यंत्रमागांच्या गावांकडे आणि सुरतेच्या कृत्रिम धाग्याकडे आणखी जोराने सरकला. साडी स्वस्त होत गेली.

स्वस्त झाली आणि अमरही झाली. सुती लुगडं मरत होतं, म्हणून त्याचे पुढचे जन्म होत होते. पॉलिस्टरची साडी पाणी शोषत नाही, म्हणून पोतेरं होत नाही. घाम टिपत नाही, म्हणून लंगोट-दुपटी होत नाहीत. वाकळीत घातली तर वाकळ सरकते आणि ऊब देत नाही. चुलीत घातली तर वितळून चिकटते आणि काळा धूर येतो. बोहारीण दारावर यायची, तीही आता हात लावून म्हणते, ‘सुती असेल तर द्या बाई.’ म्हणजे कापडाची ती साखळी आपण आळशी झालो म्हणून तुटली असं नाही. कापडच असं आलं, की साखळीत बसेना.

आहेराची पद्धत मात्र तशीच राहिली. गरज संपली, वही चालू राहिली. आम्हाला कॉलेजात ग्रेशॅमचा नियम होता. बाजारात चांगलं आणि हिणकस अशी दोन नाणी असली, तर लोक चांगलं नाणं घरात ठेवतात आणि हिणकस पुढे ढकलतात. शेवटी बाजारात हिणकस नाणंच फिरत राहतं. आहेराच्या साडीचं अगदी हेच झालं आहे. चांगली आली तर आपण ठेवतो, हलकी आली तर पुढच्या कार्याला देतो. दुकानदारांना हे आपल्याआधी कळलं. त्यांच्याकडे ‘देण्याघेण्याच्या साड्या’ असा वेगळा ढीगच असतो. दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न काय येतो? ‘स्वतःला हवी, का द्यायला?’ द्यायची साडी कुणी नेसणार नाही, हे विणणाऱ्याला, विकणाऱ्याला, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, चौघांनाही ठाऊक असतं. तरी ती विणली जाते, रंगवली जाते, चकचकीत पिशवीत घातली जाते.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात भोग आणि उपभोग यांत फरक केला आहे, आपण पाठशाळेत तो पाठ केलेला आहे. जे एकदा वापरून संपतं तो भोग, जसं अन्न. जे पुन्हा पुन्हा वापरायचं तो उपभोग, जसं वस्त्र. इतकी वर्षं मी हे नुसतं म्हणत आले. कपाटासमोर बसल्यावर त्याचा अर्थ लागला. एका लग्नात नेसली, फोटोत आली, आता पुन्हा त्याच लोकांत कशी नेसायची म्हणून ठेवून दिली, तर त्या वस्त्राचा आपण भोग करून टाकला. आणि घडीच मोडली नाही त्या ६३ साड्या? त्या भोगही नाहीत आणि उपभोगही नाहीत. तो निव्वळ परिग्रह.

यात हिंसा कुठे आहे, असं एका मैत्रिणीने मला विचारलं. प्रमादचर्या हा अनर्थदंडाचाच एक प्रकार. विनाकारण माती उकरणं, पाणी सांडणं, पाला तोडणं हे त्यात येतं. आता एक हिशोब बघा. एका सुती टी-शर्टाला लागणारा कापूस पिकवण्यापासून शर्ट तयार होईपर्यंत सुमारे २७०० लिटर पाणी लागतं असं सांगतात, पावसाचं आणि पाटाचं मिळून. एप्रिल २०१६मध्ये आपल्या मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली ती तुम्हाला आठवत असेल. दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर पाणी. तहानलेल्या शहरासाठी निघालेल्या त्या गाडीचं साऱ्या देशाने कौतुक केलं. पाच लाखांना २७०० ने भागलं तर उत्तर येतं १८५. एवढ्या टी-शर्टांत ती अख्खी गाडी संपते. आपण पाणी गाळून पितो, जिवाणी जपून परत सोडतो. आणि एका न घातलेल्या कपड्यात असं किती पाणी घडी करून ठेवतो, त्याची नोंद आपल्याकडे कुठेच नाही.

रेशमाचं तर बोलायलाच नको. एका रेशमी साडीसाठी हजारो कोश आतल्या जिवासकट उकळत्या पाण्यात जातात. चतुर्दशीला हिरवी भाजी न चिरणारी मी, माझ्या कपाटात १९ रेशमी साड्या होत्या. कुणाला नावं ठेवण्यासाठी हे लिहीत नाही, मोजले म्हणून लिहिते आहे.

‘नको असेल तर गरिबाला देऊन टाकावं’ हा आपला नेहमीचा उतारा. त्याचंही खरं रूप मी पाहिलं आहे. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या घरापर्यंत पाणी आलं नाही, म्हणून आम्ही काही जणी मदतीचे कपडे निवडायला जात होतो. टेम्पो भरभरून गाठोडी येत होती. उघडल्यावर टिकल्या लावलेल्या जाळीच्या साड्या, चेन तुटलेल्या जीन्स, एका पायातलेच मोजे, नवरीचा शालूसुद्धा. ज्यांच्या घरात गुडघाभर गाळ होता, त्या बायांना हवे होते कोरडे परकर, सुती गाऊन, टॉवेल, पांघरुणं. ते सगळ्यात कमी होतं. एका आजीने शिफॉनची साडी हातात घेतली, परत ठेवली आणि म्हणाली, ‘बाई, हिच्यानं अंग बी पुसत न्हाई.’ आठ दिवसांनी उरलेल्या कपड्यांचा ढीग ओला होऊन कुजला. जगभर हेच चाललं आहे. श्रीमंत देशांचे टाकलेले कपडे आफ्रिकेत घानाच्या बाजारात, आपल्याकडे पानिपतला आणि चिलीतल्या आटाकामा वाळवंटात जाऊन पडतात. आपण दान दिलं म्हणतो तेव्हा पुष्कळदा आपण फक्त आपलं कपाट दुसऱ्याच्या अंगणात रिकामं केलेलं असतं.

एवढं सगळं कळल्यावर मी जोशात आले. हिवाळ्यात धाकट्या मुलाचं लग्न होतं. पत्रिकेत छापलं, की आहेर घेतला जाणार नाही आणि दिलाही जाणार नाही. वाटलं, फार चांगलं काम केलं. पत्रिका पोचल्यावर तिसऱ्या दिवशी मोठ्या वन्सं, आमच्या आक्का, घरी आल्या. पाणीही घेतलं नाही.

म्हणाल्या, ‘तुझ्या थोरल्याच्या लग्नात मी पाच साड्या केल्या होत्या. माझ्या नातीच्या वेळी तू आजारी होतीस, मी काही बोलले नाही. आता ह्या लग्नात तू करशील म्हणून मी थांबले होते. व्रत तुझं आहे ना? मग माझं येणं मी सोडलं, असं तू परस्पर कसं छापलंस?’

मला उत्तर देता आलं नाही. वहीत बघितलं, तर आक्कांचं खरंच येणं निघत होतं. आणखी अकरा घरांचंही. परिमाण आपल्या परिग्रहाचं घ्यायचं असतं. मी दुसऱ्यांच्या येण्यावर काट मारून त्यागाचं पुण्य आपल्या नावावर लिहीत होते. कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर देणी बुडवून केलेला ताळेबंद.

मग मी त्या बारा घरी स्वतः गेले. ‘तुमचं माझ्याकडे देणं आहे, ते मला फेडायचं आहे. पण नेसाल तेच सांगा, नाहीतर घराला लागेल ते सांगा,’ असं विचारलं. कुणी दोन सुती परकर मागितले, कुणी चादरी. एका वहिनींनी नातवाच्या शाळेची वर्षाची वह्या-पुस्तकं मागितली. तिघींनी हसून सोडून दिलं. आक्का माझ्याबरोबर दुकानात आल्या, दीड तास घालवला आणि एक इरकली निवडली. आता दर अष्टमीला त्या देवळात तीच नेसून येतात. माझ्याशी बोलणं अजून पहिल्यासारखं नाही, पण साडी नेसतात. त्या ६३ साड्यांपैकी एकही मी कुणाला आहेर म्हणून दिली नाही. सुती होत्या त्या वापरायला काढल्या किंवा ज्यांनी मागितल्या त्यांना विचारून दिल्या. उरलेल्या ४१ अजून ट्रंकेत आहेत. त्यांचं काय करायचं हे मला अजून सुचलेलं नाही. चुकीची खरेदी निस्तरायला कुठलंही शास्त्र सोपा उपाय सांगत नाही.

आपल्या आर्यिका माताजी दोन पांढऱ्या साड्यांत आयुष्य काढतात. ते आपल्याला झेपणारं नाही, आणि श्रावकाला तसं कुणी सांगितलेलंही नाही. श्रावकाला सांगितलंय ते एवढंच, की स्वतः आकडा ठरव. शिवाय समंतभद्रांनी मुदतीची सोयही ठेवली आहे. जन्मभरासाठी घेतला तर यम, ठराविक काळापुरता घेतला तर नियम. एक दिवस, एक पक्ष, एक महिना, एक ऋतू, सहा महिन्यांचं अयन, जे झेपेल ते.

मी आकडा ४० घातला. एक नवी आली तर एक कुणाच्या तरी अंगावर गेली पाहिजे, ट्रंकेत नाही. आणि नवं रेशीम नाही. नियम एका अयनाचा घेतला होता, तो संपला तेव्हा पुन्हा घेतला. आहेराच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवरच परिमाणाची नोंद ठेवते. एका बाजूला लोकांचं देणं, दुसऱ्या बाजूला माझी हद्द. सुनेने परवा ते पान पाहिलं. काही बोलली नाही. रात्री तिच्या खोलीतून कपाट उघडल्याचा आवाज आला आणि मग तिने विचारलं, ‘आई, ओढण्या वेगळ्या मोजायच्या का?’

येत्या भाद्रपदात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी आपण सगळ्या देवळात भेटूच. त्याआधी एकदा कपाट उघडून मोजून या. आकडा कुणाला सांगू नका, वहीत मात्र लिहून ठेवा.

जय जिनेंद्र.